हायस्कूलला गेल्यावरच का बिघडतं?

"चौथीपर्यंत काही त्रास नव्हता हो. हायस्कूलला गेला आणि सगळं बिघडलं." ऑटिझम असलेल्या मुलांच्या घरी हे वाक्य हमखास ऐकू येतं. पालक खोटं बोलत नसतात. मूल मात्र बहुतेक वेळा होतं तेच असतं, बदललेली असते ती शाळा.

ऑटिझम म्हणजे जन्मापासूनच वेगळी असलेली मेंदूची घडण. लिओ कॅनर या डॉक्टरांनी 1943 साली अमेरिकेत अशा 11 मुलांचं वर्णन केलं, त्यात 8 मुलगे आणि 3 मुली होत्या. 2013 मध्ये निदानाचे निकष बदलले. अ‍ॅस्पर्गरसारखी वेगळी निदानं, वेगळे कप्पे गेले, सगळं एकाच स्पेक्ट्रमखाली, म्हणजे कमी ते जास्त आधार लागणाऱ्यांच्या एका सलग पट्ट्यात आलं आणि आवाज, स्पर्श, उजेड यांचा फार जास्त किंवा फार कमी त्रास होणं हेही अधिकृत लक्षण ठरलं. कारणांचं म्हणाल, तर पाच देशांतल्या 20 लाख मुलांच्या नोंदी तपासून 2019 मध्ये आलेल्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे 80 टक्के निघाला. तेव्हा 'आई नोकरीला जाते म्हणून', 'लहानपणी मोबाईल दिला म्हणून' वगैरे निदानं कट्ट्यावरच राहू द्यावीत. बोलता न येणारी, सतत आधार लागणारी मुलंही याच स्पेक्ट्रमवर आहेत, पण हा लेख साध्या शाळेत, साध्या वर्गात बसणाऱ्यांबद्दल आहे.

आधी आवाजाचं बघू. रस्त्याला लागून असलेली शाळा, वर्गात साठ पोरं, वर कुरकुरणारा पंखा, बाहेर केएमटीचा, म्हणजे कोल्हापूरच्या सिटी बसचा हॉर्न. जुलैत पत्र्यावर पाऊस सुरू झाला की सरांचं अर्धं बोलणं पहिल्या बाकावरही पोचत नाही. तरी बहुतेक मुलांचा मेंदू पाच मिनिटांत पंख्याची दखल घेणं सोडून देतो. तोच तोच आवाज, धोका काही नाही, मग लक्ष कशाला द्या? लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी 2015 मध्ये मुलांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून रहदारीचा आवाज ऐकवला आणि हाताला खरखरीत लोकर घासली. ऑटिझम असलेल्या आणि अशा गोष्टींचा त्रास जास्त होणाऱ्या मुलांच्या मेंदूत हे सरावणं नीट होत नव्हतं. भीती आणि धोका जोखणारा अमिग्डाला नावाचा भाग पुन्हा पुन्हा जागा होत राहिला. म्हणजे पाचव्या तासालाही पंखा पहिल्या मिनिटाइतकाच ताजा! वर त्या मुलानं बीजगणितही सोडवायचं. मधल्या सुट्टीनंतर कान झाकून बसणाऱ्या पोराला 'नाटकं करतो' म्हणण्याआधी एवढं लक्षात घ्यायला हरकत नाही.

प्राथमिकला एकच बाई दिवसभर असतात. वर्षभरात त्या मुलाला ओळखतात आणि मूल त्यांना. हायस्कूलला घंटा झाली की माणूस बदलतो. गणिताच्या सरांना समास लाल हवा, विज्ञानाच्या मॅडमना पेन्सिलीचा, इतिहासाला वही कुठली ते विचारायचंही नाही. त्यात अचानक ऑफ तास. बाकीच्या वर्गाला तो सणासारखा, पण ज्याच्या डोक्यात आजचं वेळापत्रक पक्कं बसलेलं आहे त्याच्या पायाखालची जमीन सरकते. ऑटिझम असलेल्या साधारण 40 टक्के मुलांना निदान होण्याइतकी चिंता असते असं 2011 च्या एका मोठ्या आढाव्यात आढळलं आहे. तिचा मोठा भाग 'पुढे काय होणार' हे न कळण्यातून येतो.

आणि मग आपली कोल्हापुरी चेष्टा. तिसरी-चौथीत मैत्री म्हणजे एकत्र पळणं. आठवीत मैत्री म्हणजे बोलणं, आणि इथलं बोलणं निम्मं उलटं असतं. उशिरा आलेल्याला "काय पैलवान, लई लवकर आलासा?", गणित चुकलेल्याला "नाद खुळा, भावा!" शब्द कौतुकाचे, सूर टिंगलीचा, चेहरा सरळ. शब्दांवर विसंबणारा मुलगा एकदा "थँक्यू" म्हणतो आणि वर्षभराचं टोपणनाव मिळवून बसतो. त्याला माणसं कळत नाहीत, असा शिक्का यावरूनच बसतो.

डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाला हा शिक्का मान्य नव्हता. तो स्वतः ऑटिस्टिक आहे. त्यानं 2012 मध्ये मांडलं की न समजण्याची अडचण दुहेरी आहे. ऑटिस्टिक माणसाला इतर जेवढे कळत नाहीत, तेवढाच तोही इतरांना कळत नाही. कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये याची चाचणी चक्क कानगोष्टी खेळून घेतली. आठ-आठ माणसांच्या साखळ्या केल्या: काही फक्त ऑटिस्टिक, काही फक्त इतर, काही आलटूनपालटून. पहिल्याला गोष्ट सांगायची, शेवटच्यापर्यंत किती तपशील पोचतात ते मोजायचं. फक्त ऑटिस्टिक लोकांची साखळी इतरांच्या साखळीच्या तोडीस तोड निघाली. गळती जास्त झाली ती मिसळलेल्या साखळीत. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण निम्मा दोष त्यानं आपल्या पदरात टाकलाय.

काही मुलं, आणि त्यात मुली बऱ्याच, हे सगळं निरखून नक्कल शिकतात. कधी हसायचं, किती वेळ डोळ्यांत बघायचं, मैत्रीण कसं "अय्या" म्हणते, सगळं पाठ. शाळेत तक्रार शून्य. घरी आल्यावर दप्तर कोपऱ्यात, दार बंद, आईनं "जेवतेस का?" विचारलं तरी किंचाळणं. शिक्षक म्हणतात शाळेत तर किती गुणी, आणि संशय घरावर जातो. हा दिवसभर मुखवटे सांभाळल्याचा थकवा असतो. मुलींचं निदान उशिरा होण्याचं एक कारण हेच.

आता एक जमेची बाजू. दिना मरे आणि तिच्या दोन सहकाऱ्यांनी 2005 मध्ये असं मांडलं, की ऑटिस्टिक मेंदूचं लक्ष एका वेळी थोड्याच गोष्टींवर, पण फार खोल जातं. आपल्याकडे असा मुलगा राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट हे तर सांगेलच, 2019 आणि 2021 च्या पुरात पाणी रोज किती इंचांनी चढलं तेही सांगेल. "बस्स कर तुझा पूर" असं त्याला ऐकावं लागतं. खरं तर सरासरी, आलेख, पाणलोट क्षेत्र, धरणाचा विसर्ग, नववीचं निम्मं गणित आणि भूगोल त्या आकड्यांत आहे. बक्षीस म्हणून नव्हे, शिकवायची वाट म्हणूनच ते वापरावेत.

शाळेला फार खर्च नाही. बाक पंख्यापासून आणि दारापासून लांब, ऑफ तासाची सूचना सकाळी परिपाठालाच, तोंडी सांगितलेला गृहपाठ फळ्यावरही, मधल्या सुट्टीत ग्रंथालय उघडं. यातलं काहीही बाकीच्या पोरांना त्रासाचं नाही.

कागदपत्रांचं काम मात्र घराला करावं लागतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे. तपासणी भारतीय मोजपट्टीवर होते: 40 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5 गुण, बेरीज 70 किंवा जास्त आली तर ऑटिझम. शासकीय प्रमाणपत्र मिळालं की दहावीच्या बोर्डाला तासामागे 20 मिनिटं जादा वेळ आणि गरज असेल तर लेखनिक मिळू शकतो. अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. प्रमाणपत्राच्या फेऱ्यांत महिने जातात, म्हणून दहावीचा फॉर्म भरायची वाट न बघता नववीच्या दिवाळीआधीच मुख्याध्यापकांना भेटलेलं बरं.