मनगट जिंकलं, खांदा हरला

२००९ च्या दिवाळीत माझा मावसभाऊ न्यू जर्सीहून पुण्यात आला, बॅगेत चॉकलेटं आणि परफ्यूम हा नेहमीचा माल होताच, पण सोबत एक पांढरा डबा पण होता, निन्टेंडो वी, म्हणजे टीव्हीला जोडून, हातातला रिमोट हलवून गेम खेळायचं यंत्र. पहिला अख्खा दिवस खेळण्यात नाही तर तापकीर गल्लीत ट्रान्सफॉर्मर शोधण्यात गेला, कारण तिकडचा अ‍ॅडॉप्टर १२० व्होल्टचा आणि आपल्या भिंतीत २३०. संध्याकाळी एकदाचा टीव्हीवर टेनिसचा गेम लागला. आमचे बापूकाका, वय ५८, रोज पहाटे बॅडमिंटन खेळणारा माणूस, त्यांनी सोफा मागे सरकवला, बाह्या वर केल्या आणि खांद्यातून असे काही फटके हाणले की झुंबर थोडक्यात वाचलं. समोर मावसभावाचा नऊ वर्षांचा मुलगा, सोफ्यावर चक्क आडवा पडून, एका हातात चकली, दुसऱ्या हातातला रिमोट मनगटातून टुकटुक हलवतोय.

काका सलग तीन वेळा हरले.

"अरे हा खेळतोय कुठे, हा तर माश्या हाकलतोय!" असं म्हणून काका जे उठले ते परत रिमोटला हात लावायला तयार नव्हते. त्यांचं म्हणणं एकच, हात हलवून गेम खेळणं ही सगळी शोबाजी आहे. मला तेव्हा ते पटलं होतं. आता अर्धंच पटतं, आणि ते अर्धं कोणतं हे सांगायलाच हा लेख.

आधी काका का हरले ते बघू. वीच्या रिमोटमध्ये एक अ‍ॅक्सेलरोमीटर होता, नखापेक्षा लहान चिप. आत सिलिकॉनचा एक इवलासा तुकडा स्प्रिंगसारख्या पट्ट्यांवर टांगलेला असतो. एसटीत उभे असताना ड्रायव्हरने ब्रेक मारला की आपण पुढे जातो ना, तसा रिमोटला झटका बसला की तो तुकडा किंचित सरकतो आणि किती सरकला ते विजेच्या फरकावरून कळतं. पण या चिपची मोजायची मर्यादा साधारण ३ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट. आता हिशोब करा, काकांचा हात खांद्यापासून रिमोटपर्यंत सुमारे ७० सेंटिमीटर, आणि जोरात फिरवला, समजा सेकंदाला दीड फेरीच्या वेगाने, तरी रिमोटला ६-७ जी सहज बसतात. पोराचं मनगट जेमतेम १५ सेंटिमीटरच्या वर्तुळात फिरतं, पण झटका चपळ, त्यामुळे ३ जी तिथेही पार. म्हणजे वजनकाटा ३ किलोपर्यंतचा आणि एकाने ठेवलंय कलिंगड, दुसऱ्याने ठेवलाय भोपळा, काटा दोघांनाही एकच उत्तर देणार. काकांची सगळी ताकद त्या चिपच्या डोक्यावरून गेली! त्यात तो गेम तुमच्या खेळाडूला कोर्टावर आपोआप पळवतो, तुम्ही फक्त फटका कधी मारला एवढंच त्याला मुख्यतः बघायचं असतं. मग टायमिंगच्या शर्यतीत कोण जिंकणार, ज्याला हात मागे नेऊन फिरवायला अर्धा सेकंद लागतो तो, का ज्याचं मनगट तयारच आहे तो?

बरं मग चिप जास्त क्षमतेची टाकली तर भागेल का, तर तसंही नाही. या सेन्सरला फक्त झटके कळतात, तुम्ही कुठे आहात ते कळत नाही. खिडक्या बंद केलेल्या एसटीत बसून फक्त धक्क्यांवरून सांगायचं की गाडी कुठवर आली, असं ते काम आहे. झटक्यावरून वेग काढायचा, वेगावरून अंतर काढायचं, आणि दोन्ही वेळेला चूक साठत जाते. सेन्सरमध्ये एका जीच्या फक्त शंभराव्या भागाएवढी चूक कायम राहिली असं धरा. एका सेकंदानंतर रिमोट खऱ्या जागेपासून ५ सेंटिमीटर सरकलेला वाटेल, ठीक आहे, खपवून घेऊ. दहा सेकंदांनी? जवळपास ५ मीटर! म्हणजे तुम्ही हॉलमध्ये उभे आणि गेमच्या मते तुमचा हात शेजाऱ्यांच्या किचनमध्ये.

म्हणून वीने दुसरी एक युक्ती केली होती आणि ती मला आजही फार आवडते. टीव्हीवर एक पट्टी ठेवायची, तिचं नाव सेन्सर बार, आणि गंमत म्हणजे त्या सेन्सर बारमध्ये सेन्सरच नाही. दोन टोकांना इन्फ्रारेड दिवे, बास. खरा कॅमेरा रिमोटच्या तोंडाशी, तो ते दोन ठिपके बघतो आणि त्यावरून रिमोट कुठे रोखलाय ते काढतो. हे कळल्यावर आम्ही पट्टी काढली आणि टीव्हीपुढे वीतभर अंतरावर दोन निरांजनं लावली. चाललं! ज्योतीतून इन्फ्रारेड भरपूर येतं, रिमोटला काय, दोन उजेडाचे ठिपके मिळाल्याशी मतलब. आजीने आत येऊन बघितलं तर टीव्हीसमोर दिवे लावलेले आणि नातू त्याच्याकडे रिमोट रोखून उभा, तिने काहीही न विचारता नमस्कार केला.

तर वी २००६ च्या नोव्हेंबरमध्ये आला आणि एकूण १० कोटींच्या वर खपला, त्यामुळे लोकांना मजा आली नाही असं कोणी म्हणू शकत नाही. लोक इतके जोरात हात फिरवायला लागले की रिमोट सुटून टीव्हीवर आपटायला लागले, आणि महिन्याभरातच कंपनीने मनगटाची दोरी ०.६ मिलीमीटरवरून १ मिलीमीटर जाडीची केली. २००७ मध्ये तर न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका डॉक्टरचं पत्र छापून आलं, टेनिसचा गेम तासन्‌तास खेळून खांदा धरला, आणि पेशंट म्हणजे डॉक्टर स्वतःच. आजाराला नाव दिलं वीआयटिस. खऱ्या खेळात निदान दमून माणूस थांबतो, इथे थांबायचं भानच राहत नाही.

पण मजा येणं वेगळं आणि खेळ सुधारणं वेगळं. तलवारीचं उदाहरण घ्या. २००९ मध्ये वीच्या रिमोटला जोडायला मोशनप्लस नावाचा तुकडा आला, त्यात जायरोस्कोप, थोडक्यात जायरो, होता, म्हणजे रिमोट किती वेगाने कुठल्या दिशेला वळतोय ते पण कळायला लागलं. त्यावर २०११ मध्ये झेल्डा मालिकेतला स्कायवर्ड स्वोर्ड हा गेम आला, हात जसा फिरवाल तशी तलवार फिरणार. तंत्र खरंच चांगलं. अडचण आपल्या शरीराची आहे. खरी तलवार ढालीवर आदळली की तिथेच थांबते, हाताला दणका बसतो, आणि त्या दणक्यावर पुढची हालचाल ठरते. इथे पडद्यावरची तलवार थांबली पण तुमचा हात हवेत पुढे निघून गेला. आता हात एकीकडे, तलवार दुसरीकडे. पुढचा वार करायला हात मागे आणायचा तर गेमला वाटतं हाच वार आहे. २०२१ मध्ये तोच गेम निन्टेंडोच्याच स्विच या नव्या यंत्रावर परत आला तेव्हा बटणं आणि अंगठ्याने ढकलायची स्टिक यांवर खेळायचा ऑप्शन देऊन आला, यातच काय ते आलं.

सोनीची गोष्ट तर अजून मजेशीर. २००६ मध्ये प्लेस्टेशनच्या सिक्सॅक्सिस कंट्रोलरमध्ये, म्हणजे दोन्ही हातांत धरायच्या बटणांच्या रिमोटमध्ये, मोशन सेन्सर टाकले, आणि २००७ च्या लेअर नावाच्या गेममध्ये ड्रॅगन उडवायचा तो कंट्रोलर वाकडातिकडा करूनच, दुसरा मार्गच नाही. लोकांनी इतक्या शिव्या घातल्या की पुढच्या वर्षी अपडेट देऊन साधी स्टिक चालू करावी लागली. मायक्रोसॉफ्टने तर कंट्रोलरच काढून टाकला, कायनेक्ट आणलं २०१० मध्ये, कॅमेऱ्यासमोर नुसतं नाचा. पण तो कॅमेरा सेकंदाला ३० फोटो काढणार, प्रत्येकात हाडं-सांधे शोधणार, मग गेमला कळवणार, तोवर तुमची उडी मारून झालेली असते. नाचाला चालतं, कारण पुढची स्टेप आधीच दिसते. गोळी चुकवायला नाही चालत.

इथपर्यंत बापूकाका शंभर टक्के बरोबर.

आता गाडी वळवतो. तुमच्या घरात, बिल्डिंगमध्ये, कट्ट्यावर कोणी ना कोणी बीजीएमआय खेळत असेलच, म्हणजे पूर्वीच्या पबजीचा भारतातला अवतार. त्याचे हात नीट बघा. माझा भाचा खेळताना फोन एका जागी धरतच नाही, तो सतत बारीक बारीक हलत असतो, लांबून वाटतं पोराचे हात थरथरतायत. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "मामा, तू जायरो बंद ठेवून खेळतोस? मग रिकॉईल कसं खेचतोस रे?" बंदूक चालवली की नेम आपोआप वर सरकतो, तो खाली खेचत राहावा लागतो. अंगठ्याने खेचायचं तर स्क्रीनची कड येते, अंगठा उचलून परत वर ठेवायचा, तोवर समोरच्याने आपल्याला आडवं केलेलं असतं. भाचा फोनची वरची कड स्वतःपासून जराशी लांब झुकवतो, दोन-चार अंश फक्त, आणि नेम तिथेच चिकटून राहतो. अंगठे चालायला, पळायला मोकळे. हे करायला त्याला कोणी जाहिरातीत सांगितलं नाही, सेटिंगमध्ये कोपऱ्यात पडलेला ऑप्शन, पण त्याच्या ग्रुपमध्ये जायरो नसलेल्याला कोणी सिरियसली घेत नाही.

हे का चालतं आणि तलवार का चालत नाही? दोन कारणं, दोन्ही सोपी.

पहिलं म्हणजे इथे फक्त कोन मोजायचाय. फोनच्या जायरोत एक इवलासा भाग सतत थरथरत ठेवलेला असतो, फोन वळला की त्या थरथरीला आडवा धक्का बसतो आणि त्यावरून वळण्याचा वेग कळतो. वेगावरून कोन काढायचा म्हणजे चूक एकदाच साठते, दोनदा नाही. आणि जी थोडी साठते ती खेळणारा डोळ्यांनी बघून नकळत दुरुस्त करतो, नेम चार केस उजवीकडे गेला की हात चार केस डावीकडे. फोन खऱ्या जगात नेमका कुठे आहे याच्याशी कोणालाच देणंघेणं नाही. शिवाय हाताला कुठला दणका अपेक्षितच नाही, बघण्याला दणका नसतो.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कंट्रोलरची स्टिक म्हणजे नळ आहे. स्टिक ढकलली की नजर फिरायला लागते, किती ढकलली त्यावर वेग ठरतो, आणि बरोबर शत्रूवर आल्यावर ती वेळेत सोडायची. बादली काठोकाठ भरायची पण सांडू द्यायची नाही, आणि हे मिनिटाला पन्नास वेळा. म्हणून तर कंट्रोलरवरच्या बहुतेक गोळीबाराच्या गेममध्ये कंपन्या गुपचूप मदत करतात, नेम शत्रूजवळ आला की आपोआप हळू होतो, चिकटतो. जायरोत नळबिळ काही नाही. हात पाच अंश वळला तर नजर ठरलेल्या मापात वळली, हात थांबला तर नजर थांबली, माउससारखं सरळ. नकाशावर गावाचं नाव दाखवायला बोट थेट तिथे ठेवतो ना, तसं. मनगट आणि बोटं हे काम लहानपणापासून करतायत, सुईत दोरा ओवण्यापासून ते चहाचा कप न सांडता आणण्यापर्यंत. खांदा ताकदीचा, पण जितका जोर लावाल तितकी हालचाल अंदाजे होते.

निन्टेंडोला हे उशिरा का होईना कळलं. २०१५ च्या स्प्लॅटूनमध्ये रंगाच्या पिचकाऱ्या मारायच्या असतात आणि त्यात जायरो मुळातच चालू येतो, मोठं वळण स्टिकने, बारीक नेम हाताने. वरच्या लेव्हलचे बहुतेक खेळाडू तसेच खेळतात. तीच कंपनी, तसाच सेन्सर, फक्त खांद्याकडून काम काढून मनगटाला दिलं. नंतर स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या यंत्रातही जायरो आला, प्लेस्टेशनच्या कंट्रोलरमध्ये तो आहेच. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एक्ससोबत आलेल्या कंट्रोलरमध्ये मात्र नव्हता, आणि त्यामुळे सगळीकडे चालणारा गेम बनवणारे लोक बरेचदा जायरोच्या वाटेलाच जात नाहीत. हा मला खरा अन्याय वाटतो, कायनेक्टवर एवढा पैसा ओतला, तिथे एक स्वस्तातली चिप जड झाली.

तलवार कधीच चालत नाही असंही नाही म्हणा. व्हीआरमध्ये, म्हणजे डोळ्यांवर पडदा बांधून खेळतात त्यात, बीट सेबर बघा, २०१८ चा गेम, गाण्याच्या तालावर ठोकळे कापायचे. हात कुठे आहे ते कॅमेरे आणि सेन्सर मिळून नीट ओळखतात, आणि गेम बनवणाऱ्यांनी हुशारी अशी केली की पातं उजेडाचं ठेवलं. उजेडाची तलवार ठोकळ्यातून आरपार गेली तर हाताला दणका बसायचं कारणच नाही. अडचण सोडवली नाही, तिला दारातच उभं केलं नाही.

एक गोष्ट मला बापूकाकांना सांगायची होती, राहून गेली. वीमुळे पक्षाघाताचे पेशंट लवकर बरे होतात असा मधल्या काळात बराच बोलबाला होता. त्याची नीट चाचणी झाली, २०१६ मध्ये लॅन्सेट न्यूरॉलॉजीत छापून आली, १४१ पेशंट, निम्म्यांना नेहमीच्या उपचारासोबत वी आणि निम्म्यांना पत्ते, बिंगो, ठोकळे रचायचे खेळ. हाताची हालचाल दोन्हीकडे सुधारली आणि दोघांत फरक काही सापडला नाही. काका ऐकून म्हणाले असते, मी बॅडमिंटन नाहीतर रमीच खेळतो ना मग.

मागच्या महिन्यात भाच्याला घेऊन साताऱ्याला निघालो, हा मागच्या सीटवर मॅच लावून बसलेला. खंबाटकी घाट लागला आणि गाडी वळायला लागली तसा मागून आरडाओरडा सुरू. गाडी वळते तेव्हा फोन पण वळतो, जायरोला काय माहीत की हात वळला का महाराष्ट्र, त्याने नजर फिरवून टाकली. समोरचा शत्रू सोडून हा झाडाकडे गोळ्या मारत बसला. "मामा, सरळ चालव ना!" म्हणाला. घाटात. मग दोन वळणं दात-ओठ खाऊन काढली आणि शेवटी सेटिंगमध्ये जाऊन त्याने स्वतःच्या हाताने जायरो बंद केला.