थर्ड पार्टी गेमनिर्माते आणि घरगुती गेम कन्सोल

कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचे यंत्र. ते एका कंपनीचे आणि त्यावर चालणारा खेळ भलत्याच कंपनीचा असेल, तर त्या खेळ करणाऱ्या कंपनीला थर्ड पार्टी गेमनिर्माता म्हणतात. यंत्र विकणारी कंपनी पहिली, ते घेणारे गिऱ्हाईक दुसरे आणि मधे शिरणारा हा तिसरा. आज बहुतेक खेळ असेच तयार होतात. सुरुवातीच्या कन्सोलच्या काळात मात्र असा तिसरा कोणी असू शकेल, हे कन्सोल कंपन्यांनी गृहीतच धरले नव्हते.

१९७२ सालच्या मॅग्नाव्हॉक्स ऑडिसीत खेळ यंत्राच्या जोडणीतच होते. १९७६ मध्ये आलेल्या फेअरचाइल्डच्या चॅनल एफमध्ये खेळाचा प्रोग्राम वेगळ्या कार्ट्रिजवर, म्हणजे यंत्रात खोचायच्या डबीवर आला. त्यामागे जेरी लॉसन यांच्या चमूची मेहनत होती. १९७७ मध्ये अटारीने व्हीसीएस हा कन्सोल काढला, जो पुढे २६०० या नावाने ओळखला गेला. कार्ट्रिज वेगळे झाले तेव्हाच बाहेरच्या कंपनीसाठी दार किलकिले झाले होते, पण अटारीचे खेळ अटारीच काढत होती. वेष्टनावर नाव कंपनीचे असे. खेळ रचणारा माणूस कुठेच दिसत नसे.

त्या माणसाचे काम किती अवघड होते, ते यंत्रात डोकावल्याशिवाय कळत नाही. २६०० मध्ये कामाची स्मृती अवघी १२८ बाइट होती. आजच्या संगणकात देवनागरीचे एक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात, म्हणजे तेवढ्या जागेत ४२ चिन्हे मावतील, मराठीचे एक बेताचे वाक्य. पडद्यावरचे पूर्ण चित्र साठवायला जागाच नसल्यामुळे टीव्हीचा किरण पडद्यावर एकेक ओळ आखत जाई, तशी प्रोग्रामरने पुढच्या ओळीची सामग्री त्या क्षणी पुरवायची. एका ओळीला प्रोसेसरचे ७६ ठोके मिळत, आणि एकेका सूचनेलाच २ ते ७ ठोके लागत. हिशेब एका ठोक्याने चुकला तरी चित्र विस्कटे. हे काम जमणारी माणसे मोजकीच होती आणि त्यातली बरीचशी अटारीत होती.

१९७६ मध्ये अटारी वॉर्नर कम्युनिकेशन्सने विकत घेतली होती. काही काळाने कापड उद्योगातून आलेले रे कासार प्रमुख झाले. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, अ‍ॅलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड या चार प्रोग्रामरांच्या हाती एक दिवस कार्ट्रिजच्या विक्रीचा तक्ता पडला. क्रेन यांनी पुढे अनेकदा सांगितल्याप्रमाणे वर्षभरातल्या सुमारे १० कोटी डॉलरच्या विक्रीत या चौघांच्या खेळांचा वाटा ६ कोटींचा होता. त्यांनी नाव आणि मोबदला मागितला. कारखान्यात कार्ट्रिज जोडणाऱ्या कामगारापेक्षा तुमचे महत्त्व जास्त नाही, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. अटारीतच वॉरन रॉबिनेट यांनी अ‍ॅडव्हेंचर या खेळात एक गुप्त खोली ठेवून तिच्यात स्वतःचे नाव लपवले होते. स्वतःच केलेल्या कामावरची सही अशी चोरून करावी लागत होती, यातच सगळे आले.

चौघे बाहेर पडले. संगीत व्यवसायातून आलेल्या जिम लेव्ही यांच्याबरोबर ऑक्टोबर १९७९ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन उभी राहिली. कन्सोलसाठी खेळ काढणारी ती पहिली स्वतंत्र कंपनी. ध्वनिमुद्रिकेवर गायकाचे नाव असते, तसे खेळाच्या पुस्तिकेत रचनाकाराचे नाव, छायाचित्र आणि त्याने खेळाडूला दिलेल्या चार सूचना छापायच्या, हा लेव्ही यांचा विचार. ड्रॅगस्टर, फिशिंग डर्बी, बॉक्सिंग आणि चेकर्स हे खेळ १९८० मध्ये आले. अटारीने दावा लावला. १९८२ मध्ये तडजोड होऊन अ‍ॅक्टिव्हिजनने रॉयल्टी द्यायचे ठरले. पैसे द्यावे लागले, पण बाहेरच्या कंपनीला कन्सोलसाठी खेळ विकता येतो हे कायम झाले.

त्याच वर्षी आलेला क्रेन यांचा पिटफॉल हा खेळ या पर्वातला सर्वांत देखणा नमुना. ४ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये जंगलाचे २५५ पडदे आहेत, पण त्यातला एकही साठवलेला नाही. एका बाइटातल्या आकड्यावर ठरावीक प्रक्रिया केली की पुढचा आकडा मिळतो आणि त्यातले बिट खड्डे, लाकडाचे ओंडके, मगरी आणि झाडी कुठे हे ठरवतात. उलटी प्रक्रिया केली की मागचा पडदा परत येतो. एका बाइटात २५६ वेगवेगळे आकडे मावतात, पण या पद्धतीत शून्यावर काहीही केले तरी शून्यच उरते, म्हणून पडदे २५६ नाहीत, २५५. खेळात २०,००० गुण झाले की टीव्हीचा फोटो काढून कंपनीला पाठवायचा. मग टपालाने कापडी बिल्ला येई. कॅरोल शॉ यांच्या रिव्हर रेडमधली नदीही अशीच गणिताने वाहते.

अटारी आणि कन्सोल काढणारी दुसरी कंपनी मॅटेल यांच्यातून फुटलेल्या मंडळींनी १९८१ मध्ये इमॅजिक काढली. तिथपर्यंत बाहेर पडणारे लोक कसबी होते. पुढे मात्र ज्यांचा खेळाशी संबंध नव्हता तेही आले. ओट्स विकणाऱ्या क्वेकर कंपनीने यूएस गेम्स विकत घेतली, तर कुत्र्यांच्या खाद्याच्या जाहिरातीवर बेतलेलेही एक कार्ट्रिज निघाले. दुकाने न खपलेल्या मालाने भरली आणि मोठ्या किमतीची कार्ट्रिजे ५ डॉलरला टोपलीत आली. १९८३ च्या या मंदीचे खापर थर्ड पार्टी कंपन्यांवरच फोडले जाते, ते अन्यायाचे आहे. अटारीने स्वतः काढलेला पॅकमॅन फसवा निघाला होता, ईटी जेमतेम पाच आठवड्यांत उरकला होता. अटारीने न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्डोला कार्ट्रिजे पुरली. २०१४ मध्ये त्यातली काही उकरून काढण्यात आली.

निन्टेन्डो या जपानी कंपनीने यातून धडा घेतला तो कडक पहाऱ्याचा. १९८५ मध्ये अमेरिकेत आलेल्या तिच्या एनईएस कन्सोलमध्ये एक चिप आणि प्रत्येक कार्ट्रिजमध्ये तिची जोडीदार. दोघींचे आकडे जुळले नाहीत तर कन्सोल पुन्हापुन्हा बंद-चालू होत राही. परवाना हवा असेल तर वर्षाला पाचच खेळ, कार्ट्रिजे निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यायची आणि पैसे आगाऊ. कोनामीने ही पाचाची मर्यादा अल्ट्रा गेम्स हे वेगळे नाव काढून ओलांडली.

एनईएसचा जपानी अवतार असलेल्या फॅमिकॉममध्ये ही चिप नव्हती. म्हणूनच त्याच्या स्वस्त नकला सहज झाल्या आणि नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या घराघरांत ‘टीव्ही गेम’ म्हणून पोचल्या. कार्ट्रिजला आपण ‘कॅसेट’ म्हणायचो आणि ती चालली नाही की काढून फुंकर मारायची. त्या कॅसेटमधला मारिओ निन्टेन्डोचा, पण काँट्रा कोनामीचा, रणगाड्यांचा बॅटल सिटी नॅमकोचा आणि बॉम्बरमॅन हडसनचा. तिन्ही थर्ड पार्टी. अनेक कॅसेटींत मूळ कंपनीचे नाव पुसलेले असे, त्यामुळे ते खेळ कोणी केले हे आपल्याकडच्या बहुतेक मुलांना कधी कळलेच नाही.

मिलर आणि व्हाइटहेड यांची गोष्ट अजून बाकी होती. १९८४ मध्ये त्यांनी अ‍ॅकोलेड ही दुसरी कंपनी काढली. सेगाच्या जेनेसिस कन्सोलसाठी परवाना न घेता खेळ काढायचे ठरवून अ‍ॅकोलेडच्या लोकांनी बाजारातला कन्सोल आणि तीन कार्ट्रिजे आणली, आतला प्रोग्राम उलगडला आणि त्याची कळ शोधली. नव्या जेनेसिसला कार्ट्रिजमध्ये एका ठरावीक जागी एस, ई, जी, ए ही चार अक्षरे सापडावी लागत. ती दिसली की हा खेळ सेगाच्या परवान्याने निघाला आहे, असा मजकूर पडद्यावर येई. सेगाने दावा लावला. ऑक्टोबर १९९२ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील न्यायालयाने निकाल दिला, की यंत्राशी जुळवून घेण्याचा दुसरा मार्ग नसेल तर प्रोग्राम उलगडणे हा रास्त वापर आहे, म्हणजे कॉपीराइटचा भंग नाही, आणि ती चार अक्षरे कुलपाची किल्ली असल्याने त्यातून होणाऱ्या गैरसमजाला सेगाच जबाबदार आहे. १९९३ मध्ये दोन्ही कंपन्यांनी समझोता केला आणि अ‍ॅकोलेड सेगाची अधिकृत परवानाधारक झाली.