हिरवा आहे म्हणून हरणटोळ नव्हे

पन्हाळा, गगनबावडा, राधानगरीच्या झाडीत फांदीवर हिरवा साप दिसला की दोन नावं तोंडात येतात: हरणटोळ, नाहीतर चापडा. हरणटोळाचं विष सौम्य, माणसाला फारसं बाधत नाही. चापडा चावला तर जागा टरटरून सुजते, वेदना असह्य होतात. शिवाय आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठी बनतं, चापड्यासाठी नाही. म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका.

आधी डोळा बघा. दोन मीटर लांब राहून, मोबाइल झूम करून डोक्याचा बाजूने फोटो काढा. हरणटोळाची बाहुली आडवी, कुलपाच्या भोकासारखी असते. महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या सापाची तशी नाही. डोळ्यापुढे टोकदार तोंडापर्यंत खाच जाते. त्या खाचेमुळे दोन्ही डोळ्यांना समोरचं एकदम दिसतं आणि सरड्याचं अंतर अचूक कळतं. हरणटोळ उडून माणसाच्या टाळूला डसतो, ही निव्वळ समजूत. चापड्याची बाहुली उभी, डोकं तिकोनी, मान बारीक, आणि डोळा व नाकपुडीच्या मध्ये उष्णता टिपणारा खड्डा.

डिवचलेला हरणटोळ अंग फुगवतो, मग खवल्यांमधली काळी-पांढरी कातडी उघडी पडते आणि बघणाऱ्याला वेगळाच साप वाटतो. रुखई हा झाडावरचा दुसरा साप. तीही फुगते, पण तिच्या खवल्यांमधून निळं दिसतं. पाठ तपकिरी, डोळा मोठा, बाहुली गोल.

साप निघून गेला आणि नुसती कात मिळाली, तरी काम होतं. पोटाचे रुंद खवले सोडून, अंगाच्या मध्यावर तिरप्या रेषेत खवले मोजा. मानेशी किंवा शेपटीशी ओळींची संख्या बदलते, तिथे मोजलं की घोटाळा झालाच. हरणटोळ आणि रुखई दोघांच्या 15 ओळी, पण रुखईची कण्यावरची ओळ ठळक रुंद असते. झाडावरच्या सापांत 21 भरल्या तर बहुधा मांजऱ्या (झाडावरचा तपकिरी साप) किंवा चापडा; तेव्हा डोक्याची कात उलगडा. वर मोठी ढालीसारखी खवलं असतील तर मांजऱ्या, बारीक असतील तर चापडा.

जुन्या पुस्तकांत हरणटोळाचं शास्त्रीय नाव अहेतुल्ला नासुटा आहे. 2020 च्या अभ्यासानंतर ते नाव श्रीलंकेतल्या सापापुरतं उरलं. उत्तर सह्याद्रीतला झाला अहेतुल्ला बोरिअॅलिस, कोरड्या मैदानी मुलखातला ऑक्सिरिंका. हे दोघे नुसत्या बाहुलीवरून वेगळे काढता येत नाहीत, म्हणून फोटोसोबत गाव, तारीख आणि झाडीचा प्रकार लिहून ठेवा.