कल्चरमध्ये ग्रोथ आली, पण आजार कुणी लिहिला?

युरिन कल्चरचा, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायच्या टेस्टचा, रिपोर्ट येतो, ई. कोलाय नावाचा जंतू, एक मिलीमध्ये एक लाखाच्या वर कॉलनी, आणि घरातले सगळे गूगल करत बसतात. इथे पुण्यात खराडी-मगरपट्ट्यात बसून अमेरिकन हॉस्पिटलच्या फाइल्स कोड करणारे, म्हणजे फाइलमधल्या प्रत्येक आजाराला ठरलेला कोड देणारे आम्ही मात्र एवढ्यावर कुठलाच कोड टाकत नाही. अ‍ॅडमिट पेशंटचा नुसता लॅब रिपोर्ट बघून कोडरने आजार ठरवायचा नाही, त्या ग्रोथला महत्त्व आहे असं डॉक्टरांनी नोट्समध्ये लिहिलेलं पाहिजे, हा नियम आहे.

आणि मला तो मनापासून पटतो. लघवीत जंतू सापडणं वेगळं, युरिन इन्फेक्शन वेगळं. वयस्कर बायका, शुगरवाले, बरेच दिवस कॅथेटर असलेले, यांच्यात काही त्रास नसतानाही जंतू सापडतात, आणि प्रेग्नन्सी किंवा मूत्रमार्गाचं ऑपरेशन असं काही नसेल तर बहुतेकदा त्याला अँटिबायोटिक लागतच नाही. शिवाय सॅम्पल दोन तासांत लॅबला पोचायला हवं नाहीतर फ्रीजमध्ये, आणि तीच बाटली मे महिन्यात हडपसरहून डेक्कनपर्यंत डिकीतून ट्रॅफिकमध्ये रखडत गेली तर जंतू वाटेतच वाढतात.

आता समजा सत्तरीच्या आजी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी अ‍ॅडमिट आहेत आणि हाच रिपोर्ट आला. डॉक्टरांनी लिहिलं "जळजळ, ताप, ई. कोलायमुळे यूटीआय" (म्हणजे युरिन इन्फेक्शन) की त्याचा कोड एन३९.० आणि जोडीला जंतूचा बी९६.२०. ईएसबीएल रेझिस्टन्सही (जंतू बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद देत नाही) लिहिला तर झेड१६.१२. "बॅक्टेरियुरिया (लघवीत जंतू), लक्षणं नाहीत" एवढंच लिहिलं तर आर८२.७१, म्हणजे अबनॉर्मल फाइंडिंग, आजार नाही. रिपोर्ट तोच, लिहिलेली ओळ बदलली की कोड बदलला.

खरी पंचाईत कधी होते, तर औषध चालू केलंय पण कशासाठी ते कुठेच नाही. मग आम्ही डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी प्रश्न पाठवतो, आणि त्यात "यूटीआय होता ना?" असं विचारून चालत नाही. लक्षणं, रिपोर्ट, दिलेलं औषध मांडायचं, पर्याय द्यायचे, त्यात "सांगता येत नाही" हाही पर्याय हवा. "युरोसेप्सिस" या शब्दावरूनही हमखास क्वेरी जाते, कारण अमेरिकन आयसीडीमध्ये, म्हणजे आजारांच्या कोडच्या यादीत, त्याला स्वतःचा कोडच नाही. नुसतं युरिन इन्फेक्शन की सेप्सिस (इन्फेक्शनमुळे अवयवांवर परिणाम होऊन जिवावर बेतणारी अवस्था), यात पेशंटच्या गंभीरपणाचा केवढा फरक आहे, ते डॉक्टरांनीच स्पष्ट करायला हवं.

अजून एक, जे पुण्यातल्या कुठल्याही हॉस्पिटलला लागू आहे. कल्चर आणि सेन्सिटिव्हिटीला (जंतूवर कुठलं औषध चालेल ते बघायला) साधारण दोन-तीन दिवस लागतात, तोवर पेशंट घरी गेलेला असतो आणि डिस्चार्ज समरीत "कल्चर पेंडिंग" राहून जातं. म्हणून घरच्यांनी फायनल रिपोर्ट मागून घ्या, तो डॉक्टरांना दाखवा आणि त्याचा अर्थ काय हे त्यांच्याकडून फाइलमध्ये लिहून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी दुसरा डॉक्टर नुसती ग्रोथ बघून औषध सुरू करेल.