चेंडू उडवायला वजन मागे ठेवावं लागत नाही
गोल्फ शिकणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरणारा सल्ला: चेंडू हवेत उडवायचा तर वजन मागच्या पायावर ठेवा आणि तो खालून उचला.

पटतं, कारण चेंडू वर जाताना दिसतो. पण त्याला वर नेतो तो क्लबच्या, म्हणजे गोल्फच्या काठीच्या, तोंडाचा कल. सात नंबरच्या आयर्नला, म्हणजे मधल्या अंतरासाठीच्या क्लबला, तो साधारण 27 ते 34 अंश असतो. वजन मागे राहिलं की स्विंगचा, म्हणजे क्लब फिरवण्याच्या वळणाचा, सर्वांत खालचा बिंदूही मागे सरकतो. मग क्लब आधी जमिनीत घुसतो, नाहीतर वर येता येता चेंडूच्या डोक्यावर बसतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचं वजन बॅकस्विंगमध्ये, म्हणजे क्लब मागे नेताना, उजवीकडे जायलाच हवं, पण चेंडूला क्लब लागताना बहुतेक भार डाव्या पायावर आलेला असतो.

स्वतः तपासून बघा. सरावाच्या गवतावर चुन्याची रेघ मारा आणि चेंडू न ठेवता तिच्यावर स्विंग करा. गवत रेघेच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला निघालं तर वजन वेळेत पोहोचलं. शेवटी उजवी टाच वर, फक्त बुटाचं टोक टेकलेलं, असं न डगमगता उभं राहता यायला हवं.

ड्रायव्हरने, म्हणजे सर्वांत लांब मारायच्या क्लबने, मारताना क्लब किंचित वर जात असतो, हे खरं. पण ते चेंडू टीवर (जमिनीत खोचलेल्या छोट्या खुंटीवर), पुढच्या टाचेच्या रेषेत ठेवल्यामुळे. वजन तिथेही पुढेच जातं.