मोबी-डिक मॅरेथॉन (न्यू बेडफर्ड)

मोबी-डिक मॅरेथॉन : अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यू बेडफर्ड या बंदरात दर जानेवारीत होणारे अखंड सामूहिक वाचन. हर्मन मेल्व्हिल (१८१९–१८९१) यांची ‘मोबी-डिक’ (१८५१) ही कादंबरी शनिवारी दुपारी बारा वाजता वाचायला घेतात आणि रविवारी दुपारी एकच्या सुमारास संपवतात. न्यू बेडफर्ड व्हेलिंग म्युझियम हे तिथले सागरी संग्रहालय १९९७ पासून हा कार्यक्रम भरवते. ऐकायला कोणीही यावे, पैसे पडत नाहीत. वाचणारेही बहुतेक साधे नागरिकच. मराठी वाचकाला हे एका शब्दात सांगता येते : पारायण. फरक इतकाच, की इथे देव नाही, देवमासा आहे.

जानेवारीच का, याचे एक उत्तर मेल्व्हिलच्या चरित्रात आहे. ३ जानेवारी १८४१ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो ‘अकुश्नेट’ या देवमाशांच्या शिकारीवर निघालेल्या जहाजावर खलाशी म्हणून चढला. जहाज सुटले ते न्यू बेडफर्डच्या समोर, नदीपलीकडच्या फेअरहेवनहून. या तारखेच्या जवळचा शनिवार-रविवार वाचनासाठी धरतात. खुद्द कादंबरीतही थंडीच आहे. निवेदक इश्माएल डिसेंबरातल्या एका शनिवारी रात्री न्यू बेडफर्डला पोचतो, गारठलेल्या रस्त्यांवर स्वस्त खाणावळ शोधत फिरतो, आणि त्याचे जहाज पुढे नॅन्टकेट बेटाहून नाताळच्या दिवशी सुटते. ही पाने ऐकताना खिडकीबाहेर तोच गारठा, तेच गाव असते.

दुसरे उत्तर व्यवहाराचे. त्या किनाऱ्यावरच्या संग्रहालयांची कमाई उन्हाळ्यात होते. नाताळ सरला की पर्यटक नाहीसे होतात आणि भाकड हंगाम सुरू होतो. मग दारे उघडी ठेवायची तर ती गावातल्या माणसांसाठीच. व्याख्याने, मुलांसाठी उपक्रम, संध्याकाळच्या बैठका असे हिवाळी कार्यक्रम तिथली बरीच सागरी संग्रहालये करतात. न्यू बेडफर्डने मात्र याच पडत्या दिवसांत आपला सगळ्यात मोठा कार्यक्रम उभा केला. आता जानेवारीच्या थंडीत लोक मुद्दाम दूरदूरहून तिथे येतात.

गावाबद्दल थोडे सांगायला हवे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास न्यू बेडफर्ड ही देवमाशांच्या तेलाची पेठ होती. १८५७ साली इथल्या ताफ्यात ३२९ जहाजे होती. स्पर्म व्हेल या जातीच्या देवमाशाच्या डोक्यातल्या मेणचट द्रवाच्या मेणबत्त्या आणि चरबीचे तेल यांवर घरे नि दीपगृहे उजळत. १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागली आणि हा धंदा उतरणीला लागला. १८७१ मध्ये आर्क्टिकच्या बर्फात ३३ जहाजे सोडून द्यावी लागली. माणसे वाचली, भांडवल बुडाले. पुढे गिरण्या आल्या, गेल्या. आजही बंदर जागे आहे ते मासेमारीवर, विशेषतः स्कॅलप या शिंपल्यांवर.

संग्रहालय जॉनी केक हिल नावाच्या छोट्या चढावर आहे. ते चालवणारी ओल्ड डार्टमथ हिस्टॉरिकल सोसायटी १९०३ साली स्थापन झाली. १९१६ मध्ये एमिली बॉर्न यांनी जहाजमालक वडिलांच्या स्मरणार्थ इमारत बांधून दिली आणि आत त्यांच्या ‘लगोडा’ या जहाजाची बरोबर अर्ध्या मापाची प्रतिकृती उभारवली : ८९ फूट लांब, डोलकाठ्या नि शिडांसकट. (रशियातल्या लाडोगा सरोवराचे नाव द्यायचे होते, अक्षरे उलटसुलट झाली आणि तसेच राहिले, असे सांगतात.) वाचनाची सुरुवात या जहाजाशेजारी होते. प्रवेशदालनात छताला देवमाशांचे सांगाडे टांगले आहेत. त्यातला एक ६६ फुटी निळा देवमासा. १९९८ मध्ये तेलवाहू जहाजाच्या धडकेने मेलेले ते अजून पूर्ण न वाढलेले पोर होते. सांगाडा टांगून वीसहून अधिक वर्षे झाली, तरी हाडांतून तेल अजून झिरपते. ते खाली काचेच्या भांड्यात धरतात. ज्या तेलापायी हे गाव श्रीमंत झाले, ते तिथे थेंबाथेंबाने, पिवळसर तपकिरी, साठताना दिसते. त्याच्याखालून वाचक आपापल्या प्रती काखेत मारून आत जातात.

वाचनाची व्यवस्था साधी आहे. नोव्हेंबरच्या सुमारास नावनोंदणी सुरू होते आणि जागा भराभर भरतात. प्रत्येकाला सात ते दहा मिनिटे. वेळ साधारण सांगून मागता येते, उतारा मागता येत नाही. आधीच्याने जिथे सोडले तिथून पुढच्याने उचलायचे. त्यामुळे कोणाच्या वाट्याला कप्तान एहॅबचे, मोबी-डिक या पांढऱ्या देवमाशाच्या सूडाने पेटलेल्या माणसाचे, गर्जणारे भाषण येते, तर कोणाच्या वाट्याला हार्पूनच्या (शिकारीच्या भाल्याच्या) दोराची जाडी नि वळ. माझ्या मते या कार्यक्रमाचे खरे मर्म हेच आहे. महापौर असो की शाळकरी मुलगी, पुस्तक जे पुढ्यात टाकेल ते वाचायचे. कोणी आलाच नाही तर राखीव वाचक तयार असतात. रात्रंदिवस पाळ्या लावून स्वयंसेवक घड्याळ सांभाळतात, वेळ झाली की हलकेच आभार मानतात, की पुढचा माणूस उभा. आपल्याकडे सप्ताहात वीणा खाली न ठेवता या खांद्यावरून त्या खांद्यावर जाते, तसेच.

कादंबरीत १३५ प्रकरणे आहेत, शिवाय सुरुवातीची व्युत्पत्ती, अवतरणे आणि शेवटचा उपसंहार. एकूण दोन लाखांवर शब्द. पंचवीस तासांत बसवायचे तर मिनिटाला सुमारे १४० शब्द पडतात. म्हणजे घाई नाही, पण रेंगाळणेही नाही. ऐकणारे आपली प्रत मांडीवर उघडी ठेवून ओळीवरून बोट फिरवतात. काही जण विणकाम करतात. रात्री उशा-पांघरुणे निघतात. अवघड शब्दांवर वाचक अडखळतो, हसतो, पुढे जातो. कोणी दटावत नाही. पूर्ण पंचवीस तास बसून काढणाऱ्यांचे शेवटी कौतुक होते, छोटीशी भेटही मिळते.

दुपारी थोड्या वेळासाठी सगळा मेळा रस्ता ओलांडून समोरच्या सीमेन्स बेथेल या खलाशांच्या प्रार्थनामंदिरात जातो. हे १८३२ चे. सफरीवर जाण्याआधी खलाशी इथे प्रार्थनेला येत. मेल्व्हिलही येऊन गेला आणि त्याने ते कादंबरीत घेतले. भिंतींवर संगमरवरी पाट्या आहेत : अमुक वयाचा अमुक, तमुक समुद्रात, देवमाशाने नाव फोडली तेव्हा. देह नाही म्हणून थडगे नाही, फक्त पाटी. शतकानुशतके समुद्रावर माणसे पाठवणाऱ्या गावालाच अशा भिंतीची गरज पडते. पुढे विसाव्या शतकातल्या मच्छीमारांच्या नावांच्या पाट्याही त्यांत आल्या. या भिंतींमध्ये बसून ते प्रकरण आणि फादर मॅपलचे, बायबलात माशाने गिळलेल्या योनाविषयीचे प्रवचन ऐकायचे, मधले स्तोत्र सगळ्यांनी उभे राहून गायचे. त्या अर्ध्या-पाऊण तासात श्रोते आणि कादंबरीतली मंडळी वेगळी काढता येत नाहीत.

बेथेलमधली एक गंमत सांगितलीच पाहिजे. कादंबरीत प्रवचनपीठ जहाजाच्या नाळीच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, आकाराचे आहे आणि फादर दोरशिडीने वर चढतो. ही मेल्व्हिलची कल्पना. प्रत्यक्षात तिथे साधे पीठ होते. १९५६ साली कादंबरीवर चित्रपट आला, पर्यटक येऊन नाळ कुठे म्हणून विचारू लागले, आणि अखेर १९६१ मध्ये तसे पीठ बनवून बसवले. पुस्तकाने गावाची नक्कल करायची, की गावाने पुस्तकाची, हा प्रश्न न्यू बेडफर्डने असा सोडवला.

संध्याकाळी जहाजाच्या पुढच्या भागातल्या मध्यरात्रीचे, नाटकासारखे लिहिलेले प्रकरण येते. ते संग्रहालयाच्या रंगमंदिरात स्थानिक कलावंत सादर करतात. नाना देशांचे खलाशी दारूच्या अमलात नाचतात, भांडतात. त्यात एक ‘लस्कर’ आहे. तो ब्रह्माची शपथ घालतो आणि वादळाला गंगेची उपमा देतो. हिंदी महासागरातल्या खलाशांना युरोपीय लोक सरसकट लस्कर म्हणत, आणि त्यांत कोकणातल्या, विशेषतः रत्नागिरीकडच्या मुसलमान दर्यावर्दींची संख्या मोठी होती. मेल्व्हिलने त्याला नाव दिलेले नाही. एहॅबचा गूढ सोबती फेदल्ला ‘पारशी’ म्हटला आहे, पण मुंबईचा पारशी वाचक त्याला ओळखणार नाही. तो पौर्वात्य गूढाचा पुतळा आहे, माणूस कमी.

त्याआधी येते ते देवमाशांच्या वर्गीकरणाचे कुप्रसिद्ध प्रकरण. एकट्याने वाचणारे हमखास गाळतात ते हेच. मॅरेथॉनमध्ये पान उलटून पुढे जायची सोय नाही, आणि मोठ्याने ऐकताना कळते की लेखक चेष्टा करतो आहे : देवमाशांची विभागणी तो छापखान्यातल्या पुस्तकांच्या आकारांप्रमाणे करतो, मोठ्यापासून चिमुकल्यापर्यंत. लोक हसतात. देवमासा हा मासाच, आडव्या शेपटीचा आणि फवारा उडवणारा, असेही इश्माएल ठासून सांगतो. जीवशास्त्राने तो सस्तन ठरवला. पण देवमासा म्हणताना आपण अजून इश्माएलच्याच बाजूला असतो.

रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास देवमाशांच्या खोट्या चित्रांविषयीचे प्रकरण लागते आणि त्यात अचानक मुंबई येते. देवमाशाचे जगातले सगळ्यात जुने चित्र भारतातल्या एलिफंटाच्या लेण्यात आहे, तिथे विष्णूचा मत्स्यावतार कोरला आहे, असे इश्माएल सांगतो. वर त्याच्या शेपटीला नावेही ठेवतो. घारापुरीची लेणी शैव आहेत. तिथे सदाशिव आहे, अर्धनारीश्वर आहे, कैलास हलवणारा रावण आहे; मत्स्यावतार शोधणाऱ्याला हात हलवत परतावे लागेल. न्यू बेडफर्डला हे प्रकरण चालू असते तेव्हा गेटवेवर रविवारचे सकाळचे नऊ वाजलेले असतात, घारापुरीच्या लाँचेस सुटायच्या बेतात असतात. वाचन इंटरनेटवर थेट दिसते, तेव्हा कोणा मुंबईकराला हे दोन्ही एकदम साधता येईल.

मध्यरात्रीनंतर गर्दी पांगते. देवमाशाचे डोके, कपाळ, शेपूट यांवरची प्रकरणे या प्रहरात येतात, पन्नासेक माणसे उरलेली, काही झोपलेली. उजाडू लागले की बंदर दिसू लागते आणि नवे श्रोते न्याहारी करून येतात. शेवटच्या तीन दिवसांच्या पाठलागाला दालन पुन्हा भरते. उपसंहार वाचला जातो तेव्हा ही मंडळी एका जुन्या चुकीची भरपाई करत असतात असे म्हणता येईल. लंडनच्या पहिल्या आवृत्तीतून हा उपसंहार गळला होता. सगळेच बुडाले तर गोष्ट सांगतो कोण, म्हणून तिथल्या समीक्षकांनी लेखकाला झोडपले होते.

मुख्य वाचनाला जोडून शनिवारी सकाळी मेल्व्हिल-अभ्यासकांना प्रेक्षकांनी प्रश्न विचारून अडकवायचा खेळ होतो, मुलांसाठी संक्षिप्त वाचन होते आणि सुमारे चार तासांचे पोर्तुगीज वाचनही होते. हे शेवटचे शोभेपुरते नाही. शिकारी जहाजे अझोर्स आणि केप व्हर्द बेटांवर थांबून खलाशी घेत. त्यांतले पुष्कळ जण न्यू बेडफर्डला राहिले आणि मागून गणगोत आले. आज गावात पोर्तुगीज बोलणारी घरे भरपूर आहेत. कादंबरीतल्या अनाम अझोरी खलाशांची भाषा त्या दिवशी कादंबरीचीच भाषा होते. २०२१ मध्ये, मॅरेथॉनच्या पंचविसाव्या वर्षी, साथीमुळे सगळे वाचन ऑनलाइन झाले.

फेब्रुवारीत गावात आणखी एक सामूहिक वाचन असते, न्यू बेडफर्ड हिस्टॉरिकल सोसायटीचे : फ्रेडरिक डग्लस यांच्या आत्मकथनाचे. गुलामीतून पळून डग्लस १८३८ मध्ये इथे आले, ‘डग्लस’ हे आडनाव त्यांना इथेच मिळाले आणि गोदीत मिळेल ते काम करत १८४१ पर्यंत ते इथे राहिले. म्हणजे मेल्व्हिल जहाजाची वाट पाहत होता त्या हिवाळ्यात दोघेही याच गावात होते. भेट झाल्याची नोंद नाही.

मोबी-डिकचे असे वाचन कनेटिकटमधल्या मिस्टिक सीपोर्ट संग्रहालयातही होते, पण भर उन्हाळ्यात, १ ऑगस्टच्या मेल्व्हिल-जयंतीला धरून. ते ‘चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन’ या जहाजावर वाचतात. लाकडी शिकारी जहाजांपैकी जगात उरलेले हे एकच. १८४१ साली न्यू बेडफर्डलाच बांधलेले आणि १९४१ पासून मिस्टिकला नांगरलेले. न्यू बेडफर्डकडे आहे ती अर्ध्या मापाची ‘लगोडा’, छपराखाली, जिला कधी पाणी लागलेले नाही.