सोन्याचा थेंब आणि सीड लेयर: दोन्ही तळाशी, पण काम निराळं

झिंक ऑक्साइडच्या नॅनोवायर, म्हणजे केसाहून कित्येक पट बारीक तारा, वाढवायच्या तर पहिली पायरी बहुतेक वेळा सारखीच दिसते. सबस्ट्रेट, म्हणजे ज्यावर तारा वाढवायच्या तो पाया, स्वच्छ करायचा आणि त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा थर चढवायचा. कधी तो थर सोन्याचा असतो, कधी झिंक ऑक्साइडच्याच बारीक कणांचा, म्हणजे सीड लेयर. पुढे त्यावर तारा उगवतात, म्हणून दोन्हींना सरसकट 'बी' म्हटलं जातं. पण सोन्याचा थेंब म्हणजे बी नव्हे. हा फरक नीट कळला नाही, तर वाढ बिघडल्यावर नेमकं काय बदलायचं हेही कळत नाही.

आधी सोनं घेऊ. वॅग्नर आणि एलिस यांनी १९६४ मध्ये सिलिकॉनसाठी मांडलेली ही कल्पना आहे: वाफ, द्रव, घन. झिंक ऑक्साइडची भुकटी ग्रॅफाइटमध्ये मिसळून भट्टीत ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात. कार्बन ऑक्सिजन ओढून घेतो आणि झिंकची वाफ सुटते. तिकडे सबस्ट्रेटवरचा सोन्याचा पातळ थर तापून आकसतो आणि त्याचे सुटे ठिपके होतात. वाफेतलं झिंक त्यांत मुरतं, मिश्रधातूचा द्रव थेंब बनतो. थेंबात मावेनासं झालं की त्याच्या खालून स्फटिक घडू लागतो आणि थेंब तारेच्या डोक्यावर बसून वर वर जातो. म्हणून थेंब जेवढा रुंद, साधारण तेवढी तार जाड. सोन्याचा थर पातळ केला की थेंब लहान होतात आणि ताराही बारीक येतात.

पण तार सरळ उभी राहील की तिरकी, हे थेंबाच्या हातात नाही. ते खालच्या स्फटिकाच्या जाळीवर, म्हणजे त्यातल्या अणूंच्या मांडणीवर, ठरतं. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या गटाने २००१ मध्ये नॅनोवायरचा जंबुपार लेझर दाखवला, तेव्हा तारा सॅफायरच्या मुद्दाम निवडलेल्या पृष्ठावर उभ्या वाढवल्या होत्या. त्या पृष्ठावर सॅफायरच्या जाळीतलं एक अंतर झिंक ऑक्साइडच्या अंतराच्या जवळजवळ नेमकं चौपट भरतं, म्हणून तारा ओळीत उभ्या राहिल्या.

आणखी एक गोष्ट. झिंक ऑक्साइडच्या बाबतीत सोनं दर वेळी टोकावर सापडत नाही, कित्येकदा ते तळाशीच राहिलेलं दिसतं. अशा वेळी वाफ थेट स्फटिकावर जमत असते आणि थेंबावरून जाडी ठरण्याचा नियम सैल पडतो. म्हणून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तारेचं टोक पाहिल्याशिवाय यंत्रणेचं नाव घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

सीड लेयरचा मामला अगदी वेगळा. झिंक ॲसिटेटचं इथेनॉलमधलं द्रावण काचेवर थेंबाथेंबाने टाकायचं, धुवायचं, सुकवायचं, हे काही वेळा करून ३५० अंशांना तापवायचं. मागे झिंक ऑक्साइडचे स्फटिककण उरतात, आणि जमलं तर त्यांचा सी-अक्ष (ज्या दिशेने तार लांब वाढते तो स्फटिकाचा अक्ष) वर तोंड करून असतो. मग काच झिंक नायट्रेट आणि हेक्झामिनच्या द्रावणात ९० अंशांना ठेवायची. हेक्झामिन हळूहळू फुटून अमोनिया देत राहतं, त्यामुळे वाढ एकदम न उसळता बेताने चालते. सीड लेयर वितळत नाही, तारेबरोबर वर चढत नाही. नवा स्फटिक जुन्याच मांडणीत पुढे रचला जातो, इतकंच. नवं केंद्रक, म्हणजे स्फटिकाचा अगदी पहिला कण, तयार करण्यापेक्षा असलेल्या पृष्ठावर रचणं ऊर्जेच्या हिशेबात स्वस्त पडतं.

काच द्रावणात पालथी ठेवतात, ते उगाच नाही. थोड्या वेळाने द्रावण दुधाळ होतं, कारण काचेपासून दूर, द्रावणातच स्फटिक तयार होत असतात. काच उताणी असेल तर ते सगळे तारांवर पिठासारखे बसतात आणि दिवसभराची मेहनत वाया जाते.

सीड लेयर मुख्यतः दिशा आणि दाटी ठरवतो. जाडीत त्याच्या कणांच्या आकाराचा वाटा असतो, पण द्रावणाची तीव्रता, वेळ आणि त्यात घातलेले पदार्थही तितकेच महत्त्वाचे. पॉलिइथिलीनइमाइन बाजूच्या पृष्ठांना चिकटतं, तारा बारीक आणि लांब होतात. सायट्रेट वरच्या षट्कोनी पृष्ठावर बसतं, मग तारांऐवजी चपट्या चकत्या मिळतात. त्यामुळे तारा तिरक्या आल्या तर आधी सीड लेयर तपासा. जाड आल्या तर द्रावणाकडेही बघा.

खरी फसगत होते ती ९० अंशांच्या द्रावणात सोन्याचा थर वापरतात तेव्हा. तारा उगवतात, छान उभ्याही राहतात, आणि वाढीचं श्रेय 'सोन्याच्या उत्प्रेरकाला' दिलं जातं. सोनं वितळतं १०६४ अंशांना. या द्रावणात ते घनच राहतं, थेंब होण्याचा प्रश्नच येत नाही. टोकावर गोळी दिसत नाही, सपाट षट्कोन दिसतो. इथे सोनं फक्त केंद्रकं धरायला सोयीचा पृष्ठभाग पुरवतं, म्हणजे काम सीड लेयरचं करतं.

ठरलेल्या जागी एकच तार हवी असेल तेव्हा दोन्हींतला फरक सर्वांत ठळक दिसतो. सोन्याचा एक लहान ठिपका दिला की एक थेंब, आणि बहुधा एक तार. सीड लेयरवर मात्र पॉलिमरचा थर देऊन इलेक्ट्रॉन बीमने भोक पाडलं, तरी त्या एका भोकात अनेक कण उघडे पडतात आणि प्रत्येकातून तार फुटून झुबका होतो. भोक फार बारीक करावं लागतं, नाहीतर सीड लेयर सोडून गॅलियम नायट्राइडचा एकसंध स्फटिक खाली घ्यावा लागतो. त्याची जाळी झिंक ऑक्साइडशी जेमतेम दोन टक्क्यांच्या फरकाने जुळते, त्यामुळे भोकातल्या सगळ्या वाढीची दिशा एकच राहते आणि ती एका तारेत मिसळू शकते.